उजव्या बाजूच्या गोचिडी

त्यांना कुणी नमस्कार केला, की उलट नमस्कार करायच्या आधी ते विचारायचे, "कानामागे किती?"

अनोळखी माणूस बिचारा स्वतःच्या कानामागे हात लावून बघायचा. ओळखीचा मात्र सरळ सांगायचा, "असतील दहा-बारा, डॉक्टरसाहेब." कान गाईचा आणि दहा-बारा म्हणजे गोचिडी. माणसाच्या कानाशी, नाकाशी, एकूण तब्येतीशीच साहेबांना काही देणंघेणं नव्हतं. माझ्या लग्नाचा आल्बम त्यांना दाखवला होता. सगळी पानं चाळून म्हणाले, "मांडवामागे ती तांबडी गाय उभी आहे ना, तिची कातडी छान आहे."

शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावच्या गुरांच्या दवाखान्यात ते डॉक्टर होते आणि मी त्यांच्या हाताखाली पशुधन पर्यवेक्षक. पद ऐकायला भारदस्त आहे. काम म्हणजे लस टोचायची, कानात बिल्ले मारायचे, गोऱ्हे खच्ची करायचे आणि साहेबांचं बोलणं ऐकायचं. यातलं शेवटचं काम नेमणूकपत्रात नव्हतं, पण दिवसाचा निम्मा वेळ त्यातच जायचा. ते धरणगावचे. रोज सकाळी पॅसेंजरनं नरडाण्याला उतरायचे आणि तिथून माझ्या मोटरसायकलवर मागे बसून यायचे. मागे बसल्या बसल्या माझ्या उजव्या कानात त्यांचा गोचीडपुराणाचा अध्याय सुरू. मी यावलकडचा, म्हणजे केळीच्या मुलखातला, म्हणून मला त्यांनी एकदाही नावानं हाक मारली नाही. "अहो केळीवाले," म्हणायचे. मी सांगून पाहिलं, की साहेब, आमच्या घरात केळीचं एक खोडसुद्धा नाही, वडील मास्तर होते. म्हणाले, "असू द्या, केळी लावली नाहीत हा तुमचा दोष."

खिशात त्यांच्या तीन वस्तू कायम. एक, बोटानं दाबलं की आकडा पुढे सरकतो ते मोजणीचं यंत्र. दुसरी, इंजेक्शनची रिकामी बाटली, जिच्यात जिवंत गोचिडी. तिसरी, कागदाची छोटी पाकिटं. त्या बाटलीचं बूच एकदा पॅसेंजरमध्ये निघालं. साहेब शांतपणे शेजाऱ्याला म्हणाले, "जरा पाय वर घेता का, माझे नमुने खाली गेलेत." नमुने म्हणजे काय, हे शेजाऱ्यानं विचारलं आणि यांनी ते खरं सांगितलं. अमळनेरपर्यंत अख्खा बाक त्यांना एकट्याला मिळाला. पुढे गर्दीच्या दिवशी हाच उपाय त्यांनी मुद्दाम केला असावा, असा मला दाट संशय आहे. पुरावा नाही.

पाकिटांची गोष्ट वेगळी. त्यांत गाईच्या शेपटीचे केस असत, मुळासकट उपटलेले. परराज्यातल्या एका प्रयोगशाळेत ते पोस्टानं जायचे. केसाच्या मुळातून जनावराचं आनुवंशिक टिपण निघतं, असं साहेब सांगायचे. गावात सुरुवातीला बोलवा उठली, की हा डॉक्टर केस नेऊन काहीतरी करणी करतो. एक आजी तर मीठ ओवाळून टाकायची, गाईवरून नाही, आमच्या मोटरसायकलवरून. प्रयोगशाळेचं मात्र दर सहा महिन्यांनी एकच उत्तर यायचं, "नमुने मिळाले, काम सुरू आहे." साहेब तेवढ्यावर खूश व्हायचे. "सुरू आहे म्हणतात, बंद आहे असं नाही म्हणत."

आता त्यांचं सगळं वेड एका जागी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आमच्याकडची गुरं दिवसभर माळावर चरतात. माळावर गोचिडी. गोचिडी लागल्या की ताप, दूध आटणं, वासरं दगावणं. लोक फवारा मारायचे, आणि फवाऱ्याचा साहेबांना भयंकर राग. "फवाऱ्यानं कच्च्या तेवढ्या मरतात हो, उरलेल्या पदवीधर होतात. पुढच्या वर्षी त्याच औषधात आंघोळ करतात." मग उपाय काय? तर उपाय जनावराच्या रक्तातच आहे. काही गाईंची कातडीच अशी असते, की गोचीड चिकटते आणि गळून पडते. तो गुण आईबापाकडून वासरात येतो. अशी गाय शोधा, तिचा गोऱ्हा खच्ची करू नका, वळू म्हणून गावात ठेवा. दहा वर्षांत निम्म्या गावाला फवारा लागणार नाही. हे भाषण मी इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. बायकोच्या मते म्हणतोही.

अशी गाय शोधायची तर मोजणी आली. पुस्तकात लिहिलं होतं, जनावराच्या एका बाजूच्या गोचिडी मोजा आणि दुप्पट करा. साहेब डावी बाजू मोजायचे. उजवीकडे गेलं की आमच्या गाई लाथ घालतात. माणसानं डावीकडून यावं असा त्यांचा रिवाज आहे. पाच वर्षं, दर पंधरा दिवसांनी, गावातल्या चाळीस गाई. यंत्राची टिकटिक चालायची आणि मी वहीत आकडा लिहायचो. गाईचं नाव नाही, कानातल्या बिल्ल्याचे शेवटचे तीन आकडे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाची ओळख मला करून दिली, "हे तीनशे बाराचे मालक." नवरदेवही लाजत म्हणाला, "हो, चौथ्यांदा गाभण शे."

मध्ये कुणीतरी त्यांना मोबाइलचं अॅप दिलं. फोटो काढला, की अॅप गोचिडी मोजतं. पहिल्याच गाईचा आकडा आला दोनशे सहा. साहेबांनी चष्मा सावरून पाहिलं, तर अॅपनं वाळलेल्या शेणाचे शिंतोडे, कानातला बिल्ला आणि माझ्या शर्टाची बटणंसुद्धा मोजली होती. "होतकरू आहे," साहेब म्हणाले आणि यंत्र पुन्हा खिशातून काढलं.

तर या पाच वर्षांत एका गाईनं साहेबांना पुरतं जिंकलं. अक्कांची हरणी. अक्का म्हणजे गावाच्या टोकाला खळ्यात राहणाऱ्या एक विधवा म्हातारी. घरात एक मुलगा, सून, हरणी आणि एक एकटा पडलेला बैल. इतर गाईंवर डावीकडे तीस, चाळीस, पन्नास आणि हरणीवर तीन. कधी दोन. ऐन पावसाळ्यात, गोचिडींच्या हंगामात, पाच. साहेब तिच्यापुढे उभे राहायचे तेव्हा चपला काढायचेच काय ते बाकी ठेवायचे. "बाईसाहेब," म्हणायचे तिला, "काय कातडी घेऊन आलात."

हरणीला गोऱ्हा झाला तेव्हा साहेबांनी पेढे वाटले. त्याचं नाव अक्कांनी सरदार ठेवलं. वर्षाचा झाला, त्याच्याही डाव्या बाजूवर दोन, तीन. साहेबांनी ठरवून टाकलं, की हाच गावाचा वळू. पण अक्कांच्या मुलाला हवा होता बैल. "माय, आपला बैल एकला पडी गया. जोडी लागी ना," तो म्हणायचा. त्याचं चूक नव्हतं. खच्ची केल्याशिवाय बैल होत नाही, आणि खच्ची करायचा चिमटा माझ्या गाडीच्या डिकीत. अक्कांना तो चिमटा डोळ्यांपुढेसुद्धा नको असायचा. मी खळ्यात शिरलो, की त्या आधी डिकीकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. शेवटी मुलगा एवढ्यावर आला, की डॉक्टरांनी गावापुढे सांगावं हा वळू लाखात एक आहे, मग मी गप्प बसतो. साहेबांच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. ग्रामपंचायतीसमोर सभा ठरली.

सभेच्या दोन दिवस आधी पावसानं अक्कांच्या गोठ्याची भिंत पडली.

हरणी आणि सरदार कायम त्या भिंतीला उजवी बाजू लावून उभे असत. भिंत गेली आणि उजवी बाजू पहिल्यांदा उजेडात आली. मी लस टोचायला गेलो होतो. सहज त्या बाजूनं गेलो, हरणीच्या मानेखाली हात घातला आणि तसाच थांबलो. तुरीचे दाणे चिकटवून ठेवावेत तशा गोचिडी. कानामागे, मानेखाली लोंबणाऱ्या पोळीत, मांडीत.

"अक्का," मी म्हटलं, "इकडे हे काय?"

अक्का डाव्या बाजूला धार काढायला बसल्या होत्या. "तठे मना हात पुरस नही, भाऊ," त्या म्हणाल्या. "भीत लागीसन उभी ऱ्हास ती."

"आणि या बाजूला?"

"हाई बाजू मी रोज निवडस." त्यांनी पायाशी ठेवलेली रॉकेलची वाटी दाखवली. तळाला सात-आठ गोचिडी. "पान्हा सोडाले येळ लागस ना हिले. तोपावत काय हात जोडीसन बसू? एक-एक काढस आनि वाटीमा टाकस. सरदार बी अठेच बांधेल ऱ्हास, त्याले बी निवडस."

पाच वर्षं. दर पंधरा दिवसांनी. हरणीच्या रक्तात नव्हतं ते, अक्कांच्या बोटांत होतं. आम्ही जनावराची जात मोजतो आहोत असं समजत होतो, आणि मोजत होतो कुठल्या घरच्या बाईला धार काढताना किती धीर आहे ते.

खरं सांगतो, गप्प बसावं असं माझ्या मनात आलं. पंधरा दिवसांनी माणूस घरी जाणार. हार घालावा, नारळ द्यावा, वही कापडात बांधून द्यावी. कुणाचं काय बिघडणार होतं? पण दुसऱ्या दिवशी नरडाण्याला ते गाडीतून उतरले, मला म्हणाले, "काय केळीवाले, कानामागे किती?" आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं.

वाटलं होतं, बाकावर बसतील, पाणी मागतील. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "उजवीकडे किती होत्या?"

"मोजल्या नाहीत, साहेब."

"मोजल्या नाहीत?" पाच वर्षांत ते माझ्यावर एवढे कधी चिडले नव्हते. "समोर होत्या आणि तुम्ही मोजल्या नाहीत?"

त्या दिवशी त्यांनी गावातल्या गाई उजव्या बाजूनं मोजायला सुरुवात केली. अकरा गाई झाल्या, दोन लाथा बसल्या. अकराव्या गाईपाशी खाली बसून आपला गुडघा चोळत ते मला म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्याच्या गाईजवळ अक्का बसत नसतील हो. त्याची काय चूक." मी वहीत अकरावा आकडा लिहिला.

उरलेल्या गाई दुसऱ्या दिवशी मोजायच्या होत्या. पण डॉक्टर उजवी बाजू बघतोय ही बातमी गावभर झाली होती, आणि आपल्या गाईची अब्रू जावी असं कुणाला वाटेल? सकाळी गेलो तर गावातल्या एकूण एक गाईची उजवी बाजू घासूनपुसून लखलखीत. गोचीड औषधालाही नाही. डाव्या बाजूवर मात्र तशाच लटकलेल्या. एका बाईनं तर उजव्या शिंगालाच तेवढं तेल लावलं होतं. साहेब मधोमध उभे राहून हसायला लागले, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं, हे मला कळत होतं.

संध्याकाळी सभा झाली. मी म्हटलं होतं, साहेब, सरदार चांगला आहे एवढं बोला आणि खाली बसा. त्यांनी वही डोक्याच्या वर धरली आणि म्हणाले, "मंडळी, ही पाच वर्षांची मोजणी चुकीची आहे. चूक माझी. गाईला दोन बाजू असतात हे मी डॉक्टर असून विसरलो." मग त्यांनी अकरा गाईंचे आकडे वाचले. उजवीकडे सरासरी चाळीस, हरणीवर पस्तीस. "म्हणजे हरणी वाईट नाही, पण लाखात एक म्हणावी अशीही नाही. तिच्या गोऱ्ह्याचं मला आज सांगता येत नाही, लहान वयात गोचिडी तशाही कमी लागतात. मला एक वर्ष द्या. वर्षभर त्याच्या उजव्या बाजूला कुणी हात लावायचा नाही, फवारा नाही, काही नाही. पुढच्या पावसाळ्याअखेर मोजू. वीसच्या खाली निघाल्या तर वळू. वीस झाल्या, तर केळीवाले चिमटा लावतील."

मुलगा कबूल झाला. अक्का उठल्या. "तुमनी वहीसाठे मी मना गोऱ्हा किडासले खाऊ देऊ का?"

तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न साहेबांना कुणी विचारला नव्हता, कारण कुठलीच गाय उठून विचारत नाही. ते म्हणाले, "अक्का, तुम्ही त्याच्याजवळ जन्मभर बसणार आहात का? तो वळू झाला, तर त्याची शंभर वासरं होतील. त्यांच्याजवळ कोण बसेल?"

अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "बरं. डावी बाजू मनी, उजवी तुमनी."

साहेब निवृत्त झाले. सत्कारात मिळालेल्या शालीची घडी न मोडता त्यांनी ती हरणीच्या पाठीवर टाकली, आणि आमच्या नव्या डॉक्टरीणबाई पुढे महिनाभर मला विचारत होत्या, की ही इथली प्रथा आहे का. धरणगावहून साहेबांचा फोन मात्र दर सोमवारी. हॅलो नाही, कसे आहात नाही. "अक्का हात लावत नाहीत ना?"

"नाही, साहेब."

"तुम्हाला कसं माहीत?"

ते मला खरंच माहीत नव्हतं. पडलेली भिंत मुलानं पुन्हा बांधली नव्हती, त्यामुळे हात पुरत नाही ही सबब उरली नव्हती. अक्का रोज सकाळी सरदारच्या डावीकडे बसायच्या. पलीकडे नुसतं चार पावलं जायचं होतं. कोण बघणार होतं? दहा-पंधरा उचलून वाटीत टाकल्या असत्या, तर त्यांचा सरदार चिमट्यातून सुटला असता. मी असतो तर टाकल्या असत्या, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

वर्ष संपलं. पावसाळ्याअखेरीस साहेबांनी मला स्वतःचं यंत्र पोस्टानं पाठवलं. सोबत चिठ्ठी, "बोटांवर मोजू नका." त्यांचा गुडघा आता गाडीत चढू देत नव्हता, म्हणून ते फोनवर राहणार होते. मी सकाळीच खळ्यात गेलो. मुलगा ओट्यावर बसून होता. अक्का डाव्या बाजूला पाटावर बसून वाटी धरून निवडत होत्या. डिकीकडे त्यांनी आज पाहिलं नाही.

मी उजवीकडे गेलो. सरदार आता अंगानं भरला होता. कानापासून सुरुवात केली. टिक, टिक. मान, पोळी, बरगड्या, पोट, मांडी. हात घामेजला, म्हणून पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दोन्ही वेळा एकोणीस.

फोन चालूच होता. "साहेब, एकोणीस," मी म्हटलं आणि मला इतका आनंद झाला, की मी सरदारच्या पाठीवर थाप मारली.

पलीकडून साहेब काही बोलायच्या आत, सरदारच्या पोटाखालून अक्कांचा आवाज आला. त्यांनी मान वर केली नव्हती.

"कान मांगे पाच मोज्या का?"

"मोजल्या, अक्का."

"फराखाले तीन?"

"मांडीखालच्या त्याही."

"शेपटीखाले एक लपेल शे. ती राहिनी तुमनी. परवापासून देखी राहिनू मी."

मी शेपूट उचललं. आत, घडीमध्ये, एक टपोरी गोचीड. बाकीच्यांसारखीच हात न लागता वाढलेली. मी यंत्र दाबलं नाही. मला ते दाबवेना. मुलगा ओट्यावरून उठून जवळ आला.

"केळीवाले," फोनमधून साहेब म्हणाले, "मला ऐकू आलं. दाबा."

मी दाबलं. वीस.

"अक्का काय करताहेत?"

"डावीकडे निवडताहेत, साहेब."

धरणगावच्या फाटकावरून गाडी जात असावी, तिचा आवाज फोनमधून येत होता. मग साहेब सावकाश बोलायला लागले, आणि फोन स्पीकरवर टाका म्हणाले, म्हणून ते सगळ्यांनी ऐकलं.

"वहीत वीस लिहा. आणि पुढे लिहा, की माझ्या नोकरीत कुणी न झाकता, न घासता, स्वतःचं नुकसान होईल हे माहीत असून मला दिलेला हा एकच आकडा आहे. बाकी सगळी वही मी फाडून टाकली तरी चालेल. वीस झाल्या तर चिमटा, असं मी म्हणालो होतो. ते चुकीचं म्हणालो होतो. गावात चाळीस चालल्या असताना, कुणाचं एक बोटही न लागता याच्यावर वीस आहेत. चांगला आहे गोऱ्हा. मी गावापुढे येऊन तसं सांगीन, मला कुणीतरी उचलून गाडीत बसवा. मुलाला विचारा, चालेल का."

मुलगा सरदारच्या गळ्याखाली हात घालून उभा होता. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. जोडी मी बाजारमाईन आनसू."

"काय म्हननात डॉक्टर?" अक्कांनी विचारलं. त्यांना फोनवरचं सगळं ऐकू गेलं होतं, पण त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

"ठेवा म्हणतात, अक्का. आता झालं. दोन्ही बाजू तुमच्या."

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. रॉकेलची वाटी घेतली, पडक्या भिंतीच्या बाजूनं वळसा घालून उजवीकडे आल्या, मला कोपरानं बाजूला सारलं, आणि सगळ्यात आधी शेपूट उचलून ती विसावी काढली.